कुंभारीची घरं, सोलापूरची मतं: आडम मास्तरांच्या आमदारकीचा एक अभ्यास

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की कुंभारी येतं. गाव दक्षिण सोलापूर तालुक्यातलं, महापालिकेच्या हद्दीबाहेरचं. या गावाच्या शिवारात आधी विडी कामगार बायकांची 10,000 घरं झाली आणि नंतर असंघटित कामगारांच्या 30,000 घरांचा प्रकल्प आला. पहिल्या वसाहतीच्या उद्घाटनाला मनमोहन सिंग आले होते, दुसरीच्या भूमिपूजनाला आणि चाव्यावाटपाला नरेंद्र मोदी. दोन्ही कामांचा पाठपुरावा करणारा माणूस मात्र एकच, आणि तो या दोन्ही पंतप्रधानांच्या पक्षाचा नाही. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नरसय्या नारायण आडम, सोलापूरकरांचे आडम मास्तर. 1978, 1995 आणि 2004 असे तीनदा आमदार झाले, आणि 2009, 2014, 2019, 2024 अशा चार निवडणुका ओळीने हरले.

चाळीस हजार कुटुंबांसाठी घरं खेचून आणणाऱ्याला मतं का पडत नाहीत, हा प्रश्न बहुतेक वेळा टोमणा म्हणून टाकला जातो. लोक कृतघ्न असतात, असं एकाने म्हणायचं आणि कम्युनिस्ट संपले, असं दुसऱ्याने. दोन्ही उत्तरं आळशी आहेत. प्रकरण नीट उलगडलं तर त्यात विडीचा धंदा येतो, सहकारी संस्थेचा हिशेब येतो, मतदारसंघांची फेररचना येते आणि एका पक्षशिस्तीच्या कारवाईचाही भाग येतो.

पूर्व भाग

सोलापूरचं राजकारण समजायला आधी पूर्व भाग समजावा लागतो. तेलंगणातून पिढ्यान्‌पिढ्या आलेली पद्मशाली विणकर कुटुंबं या भागात वसली. घरात तेलुगू, बाजारात मराठी, आणि कानडी समजणारेही बरेच. पुरुष आधी गिरणीत होते, पुढे यंत्रमागावर आले. सोलापुरी चादर आणि टॉवेल याच मागांवर निघतात. कामगार चळवळीचा वारसा इथला जुना. 1930 साली सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला, आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी झाली. ही चार नावं सोलापुरात आजही एका दमात घेतली जातात.

स्वातंत्र्यानंतर मोठ्या कापडगिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. जुनी मिल 1960च्या दशकातच गेली, बाकीच्यांनी पुढच्या तीसचाळीस वर्षांत मान टाकली. गिरणी गेली की कायमची नोकरी, हजेरीपट आणि गेटवरची सभा, सगळंच जातं. उरतो यंत्रमाग, तो कुणाच्या तरी घराला लागून असलेल्या शेडमध्ये चालणारा. आणि उरते विडी, ती तर थेट घरातच.

विडीचं काम जवळून पाहिल्याशिवाय घराचा मुद्दा कळत नाही. बाई कारखान्याच्या ब्रँचवर जाते, तेंदूची पानं आणि तंबाखू वजनाने घेऊन येते. घरी पानं भिजवायची, मऊ झाली की कात्रीने मापात कापायची, सुपात तंबाखू घेऊन बसायचं, एकेका पानात भरून वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर. पानं खराब निघाली तर त्या पानांत हजार भरत नाही, मग पदरचे पैसे घालून पानं आणायची. ब्रँचवर तपासणी होते तेव्हा काही विड्या खराब म्हणून बाजूला पडतात, आणि ती तूट बाईच्याच अंगावर येते. पाठ, डोळे आणि तंबाखूच्या धुळीने भरलेली छाती यांचा हिशेब तर कुणाच्याच वहीत नसतो.

हे सगळं होतं त्या दहा बाय दहाच्या खोलीत. चूल तिथेच, पोरं तिथेच, भिजलेल्या पानांचा गठ्ठाही तिथेच. विडी कामगार बाईचं घर हाच तिचा कारखाना असतो. त्यामुळे ‘घर द्या’ ही मागणी तिच्या बाबतीत जितकी निवाऱ्याची आहे तितकीच कामाच्या जागेची. माझ्या मते आडम मास्तरांच्या सगळ्या कारकिर्दीतली अक्कल या एका ओळखीत आहे. मजुरीवाढीच्या मोर्च्यात आणि घरकुलाच्या फायलीत त्यांना फरक वाटला नाही, कारण त्या बाईच्या आयुष्यात तो फरक नव्हताच.

त्यात कायद्याचा एक धागा हाती लागला. विडी आणि सिगार कामगारांचा 1966चा कायदा घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानत होता. 1976 साली विडीवर उपकर बसवून कामगार कल्याण निधी उभा राहिला, त्यातून दवाखाना, शिष्यवृत्ती, घरबांधणीला मदत अशा योजना आल्या. (जीएसटी आल्यावर 2017 मध्ये तो उपकरच गेला, हे वेगळं दुखणं.) पण कायद्यात कामगार असणं आणि हातात ओळखपत्र असणं यात बरंच अंतर असतं. लाल बावट्याच्या युनियनने ते अंतर कापण्यात वर्षं घालवली: ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधी, हजारी मजुरीचा दर. पुढे घरकुलासाठी यादी करायची वेळ आली तेव्हा कामगार कोण हे सिद्ध करणारा कागद हाताशी होता, तो या कंटाळवाण्या कामामुळे.

288 मधले तीन

1978 ची निवडणूक आणीबाणीनंतरची. मार्क्सवादी पक्षाचे महाराष्ट्रात 9 आमदार आले, त्यात सोलापुरातून आडम. ही विधानसभा फेब्रुवारी 1980 मध्ये बरखास्त झाली, म्हणजे पहिली आमदारकी दोन वर्षंही टिकली नाही. नंतर पंधरा वर्षं विधानसभेबाहेर. 1995 साली पुन्हा निवडून आले तेव्हा राज्यात शिवसेना-भाजपचं सरकार होतं आणि मार्क्सवादी आमदार होते तीन. 2004 लाही तीनच.

288 च्या सभागृहात तीन आमदारांचा पक्ष काय करू शकतो? सरकार पाडू शकत नाही, बनवू शकत नाही, महामंडळही पदरात पडत नाही. तरीही आमदारकीला एक किंमत असते, ती दार उघडण्याची. तारांकित प्रश्न टाकता येतो, मंत्र्याच्या दालनात जाऊन बसता येतं, सचिवाला फायलीबद्दल विचारता येतं. फक्त हे सगळं एकट्या आमदाराने केलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावतात. बाहेर हजारो बाया रस्त्यावर बसलेल्या असल्या की तीच फाईल हलते. आडम मास्तरांची पद्धत ही अशी दुहेरी: मोर्चा बाहेर, फाईल आत. आणि आमदारकी नसलेल्या पंधरा वर्षांत मोर्चा थांबला नाही, म्हणून 1995 मध्ये परत येता आलं.

त्यांच्या टीकाकारांचा एक मुद्दा इथेच नोंदवावा. विडी हा तंबाखूचा धंदा. तंबाखूविरोधी कायदे कडक होत गेले तशी युनियनला कामगारांच्या पोटासाठी त्या धंद्याची बाजू घ्यावी लागली, आणि त्यामुळे कधीकधी कारखानदार आणि लाल बावटा एकाच बाजूला दिसले. हे अडचणीचं आहे आणि ते कबूल करायला हवं. पण पर्यायी रोजगार न देता धंदा बंद करा म्हणणाऱ्यांनी त्या बाईला काय सांगायचं, याचं उत्तर मी अजून कुठे वाचलेलं नाही.

वीस, वीस, वीस

पहिल्या प्रकल्पाचं नाव कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्यावरून. ठाणे जिल्ह्यात वारल्यांमध्ये काम केलेल्या गोदूताईंचं नाव सोलापूरच्या तेलुगू बायकांच्या वसाहतीला. संस्था सहकारी, सभासद महिला विडी कामगार. घराची किंमत साधारण 60,000 रुपये धरली होती: 20,000 केंद्राचे, 20,000 राज्याचे, 20,000 कामगाराचे.

हा तिसरा वाटा महत्त्वाचा. हजारी मजुरीवर जगणाऱ्या बाईने 20,000 रुपये भरायचे म्हणजे गंमत नाही. ते थोडेथोडे करूनच भरायचे, आणि भरत असताना घराची एक वीटही दिसत नाही. अशा वेळी पैसे कुणाच्या भरवशावर देतात? या शहराने पतसंस्था आणि चिटफंड बुडताना पाहिलेत. इथे भरवसा होता तो ब्रँचच्या दारात आपल्यासाठी भांडलेल्या युनियनवर. सरकारच्या योजनेत हा घटक कुठे लिहिलेला नसतो, पण तो नसेल तर दहा हजार घरांची सहकारी संस्था कागदावरच राहते. महाराष्ट्रात कागदावर राहिलेल्या कामगार गृहनिर्माण संस्था काही थोड्या नाहीत.

2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ही घरं कामगारांना मिळाली. त्या वेळचं दिल्लीतलं गणितही लक्षात ठेवावं: 2004 ते 2008 या काळात यूपीए सरकार डाव्या पक्षांच्या बाहेरून पाठिंब्यावर उभं होतं. मुंबईत तीन आमदार, पण दिल्लीत डाव्यांशिवाय सरकार नाही. सोलापूरच्या फायलीला याचा काहीच उपयोग झाला नसेल असं मानणं भाबडेपणाचं होईल.

याच धर्तीवर मीनाक्षीताई साने यांच्या नावाची वसाहतही झाली.

2009: सीमारेषा बदलली

2004 पर्यंत आडम निवडून येत होते तो मतदारसंघ सोलापूर शहर दक्षिण. फेररचनेनंतर 2009 पासून लढत आली सोलापूर शहर मध्यमध्ये. समोर काँग्रेसच्या प्रणिती शिंदे, सुशीलकुमार शिंदे यांच्या कन्या, पहिलीच निवडणूक. आडम हरले. नव्या सीमेत जुना बालेकिल्ला जसाच्या तसा राहिला नाही, एवढं तर उघड आहे.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. कुंभारी शहराबाहेर आहे. विडी कामगारांची हजारो कुटुंबं शहरातल्या झोपडपट्ट्या आणि भाड्याच्या खोल्या सोडून तिकडे गेली. सगळ्यांनी मतदार यादीतलं नाव हलवलं असेल असं नाही, मतदानाच्या दिवशी शहरात येणारेही असतील. तरीही ज्या आमदाराने घरं बांधली त्याने आपले सर्वांत पक्के मतदार आपल्याच हाताने मतदारसंघाच्या रेषेपलीकडे नेऊन बसवले, हे नाकारता येत नाही. मतांचा हिशेब आधी करणाऱ्या कुठल्याही पुढाऱ्याने घरं वॉर्डातच मागितली असती, आणि जागा नाही म्हणून ती कधी झालीच नसती.

मग शहर मध्यचं राजकारण वेगळ्या रुळावर गेलं. 2014, 2019 आणि 2024, तिन्ही निवडणुकांत एमआयएमचा उमेदवार दुसऱ्या क्रमांकावर राहिला. मतं धर्माच्या आणि जातीच्या पट्ट्यांत वाटली जाऊ लागली की ‘विडी कामगार’ ही ओळख मागे पडते. पद्मशाली बाई आणि मुसलमान बाई एकाच ब्रँचच्या रांगेत उभ्या राहतात, बूथवर मात्र वेगवेगळ्या होतात. युनियनची ताकद ब्रँचपर्यंत पोचते. बूथपर्यंत पोचायला जे पैसे, जी यंत्रणा लागते ती तिच्याकडे नाही.

रे नगर आणि एक निलंबन

आमदारकी गेल्यावर माणूस घरी बसतो असा अनुभव. आडम मास्तरांनी त्याच काळात तिप्पट मोठा प्रकल्प हातात घेतला. रे नगर: 30,000 घरं, साडेतीनशे एकरांहून जास्त जागा, लाभार्थी फक्त विडी कामगार नव्हेत तर यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे, रिक्षाचालक, फेरीवाले. प्रधानमंत्री आवास योजनेत तो बसवला गेला. प्रकल्पाचा खर्च 1,811 कोटींच्या आसपास, त्यात केंद्र आणि राज्य मिळून 750 कोटी. घरामागे हिशेब केला तर खर्च सहा लाख आणि अनुदान अडीच लाख. पहिल्या वसाहतीत सरकारी वाटा दोन तृतीयांश होता, इथे तो निम्म्याच्याही खाली आला. उरलेला भार कामगाराच्या गाठीवर आणि कर्जावर. याची चर्चा व्हायला हवी होती.

चर्चा झाली ती दुसऱ्याच गोष्टीची. 9 जानेवारी 2019 रोजी मोदी सोलापुरात भूमिपूजनाला आले. व्यासपीठावर आडम होते, आणि तेव्हा ते पक्षाच्या केंद्रीय समितीचे सदस्य तर होतेच, महाराष्ट्राचे राज्य सचिवही होते. भाषणात त्यांनी मोदी आणि फडणवीस यांची स्तुती केली, आणि घरं पूर्ण झाल्यावर मोदींनीच पंतप्रधान म्हणून परत यावं अशा अर्थाची इच्छा बोलून दाखवली. लोकसभा निवडणूक तोंडावर. मार्चमध्ये पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केलं.

या प्रकरणात दोन्ही बाजूंनी बरंच लिहिलं गेलं. मला पक्षाची कारवाई चूक वाटत नाही. देशभर एका सरकारविरुद्ध लढणाऱ्या पक्षाचा राज्य सचिव त्याच सरकारच्या प्रमुखाला पुन्हा निवडून यायच्या शुभेच्छा देतो, तेव्हा पक्षाने गप्प बसायचं कसं? पण आडम मास्तर व्यासपीठावर का गेले, हे समजायला फार खोलात जावं लागत नाही. पहिल्या वसाहतीच्या वेळी काँग्रेसचा पंतप्रधान चालला, कारण त्याला पक्षाचा पाठिंबा होता. दुसऱ्या वेळी पंतप्रधान भाजपचा. कामगाराच्या बाजूने पाहिलं तर अनुदान कुणाच्या सहीने येतं याने छताची जाडी बदलत नाही. संघटनेचा माणूस म्हणून तिथे जाणं त्यांचं काम होतं. स्तुती करणं नव्हतं. ‘हा तुमचा उपकार नाही, आमच्या बायांच्या मोर्च्यांनी मिळवलेला हक्क आहे’ एवढं त्याच माईकवरून म्हणता आलं असतं. म्हटलं असतं तर पुढची फाईल कदाचित अडली असती. तीस हजार कुटुंबांची यादी खिशात असलेल्या माणसाला हे ‘कदाचित’ किती जड वाटलं असेल, हे आपण खुर्चीत बसून ठरवू नये.

19 जानेवारी 2024 रोजी पहिल्या 15,000 घरांच्या चाव्या द्यायला मोदी कुंभारीत आले. अयोध्येतल्या सोहळ्याला तीन दिवस उरले होते. आपल्यालाही लहानपणी असं घर मिळालं असतं तर, असं म्हणताना पंतप्रधानांचा कंठ दाटून आला. देशभर बातमी झाली ती त्या गहिवराची. त्याच भाषणात 22 जानेवारीला रामज्योत लावायचं आवाहनही होतं. रे नगरचे संस्थापक म्हणून आडम व्यासपीठावर होते. टीव्हीवर दिवसभर पंतप्रधान दिसले, आडम सोलापुरातल्या पेपरांत.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभा झाली. प्रणिती शिंदे जूनमध्येच लोकसभेवर गेल्या होत्या, म्हणजे शहर मध्यची जागा मोकळी होती. मार्क्सवादी पक्ष महाविकास आघाडीसोबत, पण इथे काँग्रेसनेही उमेदवार उभा केला. निवडून आले भाजपचे देवेंद्र कोठे. आडम मास्तर फार मागे राहिले.

डहाणू का टिकतं?

त्याच निवडणुकीत मार्क्सवादी पक्षाचा राज्यातला एकमेव आमदार निवडून आला तो डहाणूतून, विनोद निकोले, 2019 नंतर दुसऱ्यांदा. तुलना करायची तर इथे करावी. गोदूताई आणि शामराव परुळेकरांनी 1945 पासून ज्या तलासरी-डहाणू पट्ट्यात वारल्यांना उभं केलं, तिथे लढ्यातून मिळालेली गोष्ट जमीन होती. वनहक्काचे दावे अजून चालू आहेत. माणूस जिथे राहतो तिथेच कसतो आणि तिथेच मत देतो. राखीव मतदारसंघ असल्याने उमेदवार सगळे आदिवासी, त्यामुळे सोलापूरसारखी धर्मावरची फाटाफूट तशी चालत नाही. आणि दावा निकाली निघाला तरी वनखात्याशी भांडण संपत नाही, म्हणजे संघटनेची गरज उद्याही असते.

सोलापुरात चावी हातात पडली की व्यवहार पुरा झाला. घर मिळालेल्या बाईला आता पाणी हवं, शहरात जायला बस हवी, शाळा आणि दवाखाना हवा. या मागण्या ग्रामपंचायतीकडे, जिल्हा परिषदेकडे, पालकमंत्र्याकडे जातात. तिथे सत्ताधारी पक्षाचा माणूस लवकर उपयोगी पडतो. रे नगरमध्ये तर रिक्षावाला, फेरीवाला, कचरावेचक असे शेजारी आलेत, ज्यांचा एक असा मालकच नाही, ज्याच्या दारात एकत्र जाऊन बसता येईल. त्यांना बांधणारी गोष्ट आता कर्जाचा हप्ता, पाणीपट्टी आणि बसचं वेळापत्रक. या प्रश्नांवर संघटना उभी करायचं तंत्र गिरणी-विडीच्या युनियनमधून आपोआप मिळत नाही. ते नव्याने शिकावं लागेल, आणि तेही वयाची पंच्याहत्तरी ओलांडलेल्या एका नेत्याच्या नावावर न विसंबता.